खेचरावरचा मांत्रिक

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅरीबॅगेत कॅरीबॅग कोंबत जातो ना आपण, तसं होतं. मग एक दिवस पिशवी फाटते आणि सगळं अंगावर! माझी या रविवारी फाटली. ऐका, पण मधे मधे "असं का?" विचारू नका. त्या एका प्रश्नाची उत्तरं देऊनच मी दमलोय.

तळेगावात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही चौघं एक खेळ खेळतो. कागद, पेन्सिल आणि फासे. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. नितीन मांत्रिक. अश्विनी मॅडम चेटकीण. शाळेत गणित शिकवतात, हे आत्ताच सांगून ठेवतो. आबा वैद्य. आबा परंदवडीचे शेतकरी, लेक आमच्या बिल्डिंगमध्ये दिलेली. रविवारी तिच्याकडे येतात, जावयाशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून आमच्यात येऊन बसले ते बसलेच.

आणि मी खेळ चालवणारा. समोर राक्षस आला हे मी सांगायचं, कुणाची जादू चालली आणि कुणाची नाही हेही मीच ठरवायचं. आठवडाभर आंबीच्या कंपनीत क्वालिटीला बसून लोकांचे पीस रिजेक्ट करायचे आणि रविवारी लोकांची जादू. शिव्या सातही दिवस!

*

पहिल्याच रविवारी मी नियम सांगितला. मांत्रिकाला दिवसाला चारच मंत्र. ते संपले की आठ तास झोप, त्याशिवाय पुढचा मंत्र नाही.

नितीन आमच्याच कंपनीत, मशीन शॉपला. त्याने किल्ल्याच्या पहिल्या दारातच चारही मंत्र उडवले. एक तर नुसता मशाल पेटवायला! दार उघडलं, आत राक्षस. नितीन म्हणाला, "मी झोपतो."

"अरे, राक्षस समोर उभाय!"

"नियम तुझा. आठ तास म्हणजे आठ तास." आणि मग अगदी गंभीरपणे, "सुहास्या, मांत्रिकाला वीकली ऑफ असतो का?"

"नाही."

"मग तुझ्यापेक्षा आमचा एचआर बरा!"

*

जादूला सामान लागतं, हा दुसरा नियम. आगीच्या मंत्राला चिमूटभर वटवाघळाची विष्ठा. कागदावर लिहायची फक्त. नितीनच्या कागदावरची संपली होती, त्यामुळे त्याची आग पेटेना.

पुढच्या रविवारी आबा अर्धी गोणी घेऊन हजर! गावातल्या पडक्या गोदामातून झाडून आणली होती. अश्विनी मॅडम नाक धरून थेट पार्किंगमध्ये.

"आबा, खेळातलं सगळं खोटं खोटं असतं हो!"

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "पर म्हटलं, कमी नको पडाया."

ती गोणी शेवटी सोसायटीच्या गुलाबांना गेली. गुलाब बाकी छान आलेत. क्लबहाऊसचा वास काढायला मात्र मला दोन रविवार लागले.

*

अश्विनी मॅडम कधी भांडत नाहीत. चष्मा वर करून फक्त विचारतात, "हे तुम्हीच लिहिलंय ना?" की मी माझंच लिहिलेलं परत वाचायला लागतो.

मी लिहिलं होतं, 'हा मंत्र बंद असलेली कुठलीही वस्तू उघडतो.' दारं, पेट्या, कुलपं असं माझ्या डोक्यात होतं. समोर तलवार घेऊन पहारेकरी उभा.

"तलवार धरलीय म्हणजे त्याची मूठ बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "उघडली."

तलवार खाली! मी तीन आठवडे खपून रचलेली लढाई चहा यायच्या आत संपली.

*

तेव्हापासून मी नियमांची वही कंपनीसारखी ठेवायला लागलो. नियम बदलला की रिव्हिजन नंबर. रिव्हिजन एक, दोन, तीन. मॅडमच्या त्या एका मुठीमुळेच तीन निघाल्या. सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या, खाली माझी सही. हसू नका. सवय आहे.

चौथ्या रिव्हिजनमध्ये मी लिहिलं की मांत्रिकाला एका वेळी एकच मंत्र धरून ठेवता येईल. दुसरा धरला की पहिला सुटतो. नियम चांगला होता, अजूनही म्हणतो.

त्या रविवारी नितीन उडण्याचा मंत्र धरून किल्ल्याच्या बुरुजावर तरंगत होता. खालून बाण आले. त्याने ढालीचा मंत्र धरला.

"उडण्याचा सुटला," मी म्हणालो. "पडलास. मेलास."

तो आपला कागद चाळत राहिला. "कुठे लिहिलंय?"

"रिव्हिजन चार."

"मला दिलीस?"

नव्हती दिली. झेरॉक्स काढायची राहिली होती. कंपनीत कुणाच्या मशीनवर जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग सापडलं, तर मी त्याची चामडी सोलतो. नितीनचीच दोनदा सोललीय, चारचौघांत! आणि तिथे बसून मी काय म्हणालो? "विचारायचं असतं रे आधी."

तो उठला, फासे खिशात टाकले आणि गेला. दोन वर्षं जपलेलं पात्र होतं त्याचं. पुढच्या महिन्यात त्याने वीकली ऑफ बदलून गुरुवार घेतला. कॅन्टीनमध्ये मी दिसलो की ताट उचलून दुसऱ्या टेबलावर. आठ महिने! मला वाईट वाटायचं. पण 'चुकलं' एवढं एक म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

*

आता आबांचं खेचर. नितीन गेल्यावर आबांनी खेळात काय केलं, तर मांत्रिकाचं मढं घोंगडीत गुंडाळून खेचरावर बांधलं. जाऊ तिथे मढं बरोबर. नदी आली, मढं उचला. दलदल आली, मढं उचला!

"पुरून टाका ना आबा," मॅडम वैतागायच्या.

"असू द्या. खातंय व्हय काय?"

आबांच्या वैद्याकडे एक हिरा होता. मेलेल्याला एकदाच उठवणारा. खुद्द आबांचा वैद्य दोनदा मरता मरता वाचला, पण हिरा काही काढला नाही. मॅडमची चेटकीण गेली, तर त्यांना म्हणाले, "पोरी, तू नवी घे." त्यांनी निमूट नवीन घेतली!

त्या मंत्राला नियम दोन. मरून दहा दिवसांच्या आत उठवायचं, आणि आत्म्याची मर्जी हवी. आठ महिने म्हणजे कसले दहा दिवस म्हणाल, तर आमचा खेळ असा रांगतो की एका लढाईत तीन रविवार जातात. खेळात नऊच दिवस झाले होते.

*

या रविवारी मी खेळ बंद करायचा ठरवून गेलो होतो. दोघांच्यात कसला खेळ? म्हटलं, आजचा दिवस संपवू आणि वही माळ्यावर टाकू.

"पहाट झाली," मी म्हणालो. "दहावा दिवस."

आबांनी खेचर थांबवलं. "हिरा काढला," ते म्हणाले. "आता आत्म्याची मर्जी इचारायची, न्हाई का?"

"हो. मी फासा टाकतो."

"फासा कशाला?" आबांनी बंडीतून फोन काढला, नंबर लावला आणि टेबलावर मधोमध ठेवला. स्पीकर चालू.

पलीकडे मशीनचा आवाज. "बोला आबा."

"नितीन, तुझं मढं हाय माज्यासमोर. आज उठवलं न्हाई तर परत उठायचं न्हाई. नियमच हाय तसा. येतूस का माघारी?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी वहीकडे.

मग नितीन म्हणाला, "कुठल्या रिव्हिजनने?"

आबांनी बोटाने फोन माझ्याकडे सरकवला.

"तीन," मी म्हणालो. "तुझ्याकडे होती ती. चार मी दिलीच नव्हती तुला. चुकलं माझं."

मशीन बंद झालं.

"फर्स्ट शिफ्टला आहे. साडेतीनला सुटतो," नितीन म्हणाला. "तोवर माझ्या मढ्याला कुणी हात लावू नका!"