कॅनडाहून आलेली चौकशी

आमच्या मामांना विचारल्याशिवाय अकोट तालुक्यात एकही लग्न जमलेलं नाही, आणि जमलंच असेल तर ते टिकलेलं नाही, असं मामांचं स्वतःचं मत आहे. कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करण्याचं त्यांचं वर्कशॉप. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन आणि फोनवर कुणाच्या तरी मुलाची चौकशी. "चौकशीत खोटं बोललं की पोरीचं वाटोळं होते," हे त्यांचं तत्त्व. सख्ख्या पुतण्याबद्दल मोर्शीच्या पाहुण्यांना त्यांनी सांगून टाकलं, "पोट्टं हिरा हाय, पण घोरते. दोन गल्ल्या जाग्या राह्यतात." तरी लग्न झालं, हे विशेष.

माझा धाकटा भाऊ इंजिनियर. चार वर्षं मामांच्या हाताखाली घासला आणि कॅनडात गेला. तिथे वर्षभर गोदामात खोकी उचलत होता, कारण जो तो विचारी, "इथला अनुभव आहे का?" मामा भडकायचे. "काहून बे, नटबोल्ट तिकडे उलटे फिरतात का?" शेवटी एक कारखाना तयार झाला. फक्त आधीच्या मालकाला फोन करून विचारणार होते. आधीचा मालक म्हणजे मामा! मी तीन दिवस त्यांना पढवलं, "मामा, फक्त कामाचं बोला."

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये कारखान्याचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. बाई पंजाबी निघाली, म्हणून हिंदीत निभावलं. मामांनी लगेच सुरुवात केली, "लडका निर्व्यसनी है. छे एकर ओलित खेती है. बहन की शादी हो गयी." मी कपाळावर हात मारला. बाईने विचारलं, स्वभावातली उणीव? "गुस्सा आया तो जेवत नहीं. मनाना पडता." मग उलटी चौकशी, "कारखाना खुद की जगह में है के किराये से?" बाई हसत होती, हे नशीब.

शेवटी तिने विचारलं, "त्याला पुन्हा कामावर घ्याल का?"

भिंतीवर भावाचा पाना अजून टांगलेला होता, तिकडे बघत मामा म्हणाले, "कल भेज दो, बेटा. आजच भेज दो."

आठवड्यात नोकरी पक्की झाली. बाईने भावाला सांगितलं म्हणे, असं शिफारसपत्र तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मामांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले, हिवरखेडपर्यंत फोन केले. मग माझ्याशेजारी स्टुलावर टेकून, हातातला पेढा तसाच धरून म्हणाले, "मी त खरंच धाडून द्या म्हणलो होतो, बावा. अन् त्याइनं ठेवूनच घेतलं."