दिवसाढवळ्या लाईट

दादाच्या नव्या मोटारसायकलचा हेडलाईट किल्ली फिरवली की आपोआप लागायचा, बंदच करता यायचा नाही. नाशिकमधले सगळे शहाणे त्याच्याकडे बघून हाताच्या बोटांची उघडमीट करायचे, म्हणजे भर दिवसा तुझा लाईट चालू राहिलाय. दादा वैतागला. गॅरेजवाल्याकडून त्यानं लाईट बंद करायचं बटण बसवून घेतलं.

घोटीहून त्र्यंबकला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी दाट धुकं होतं. ट्रकला ओव्हरटेक करणाऱ्या पिकअपनं दादाला समोरून उडवलं. मी पोचलो तेव्हा त्याच्या अंगावर ताडपत्री टाकलेली होती.

मी पिकअपवाल्याला कॉलर धरून खाली पाडलं आणि तोंडावर मारत सुटलो. नाक फुटलं तरी तो एकच सांगत होता, "लाईट नव्हता हो गाडीला. दिसलाच नाय."

त्याला खोटं पाडायला मी चेपलेल्या, पण हेडलाईट शाबूत राहिलेल्या गाडीची किल्ली फिरवली. अंधारच. मग ते बटण दाबलं. लाईट लख्ख लागला.

बघ्यांतल्या एकानं सवयीनं माझ्याकडे बघत बोटांची उघडमीट केली. ती बोटं मी धरली आणि मोडेपर्यंत सोडली नाहीत.