तपकिरी तुकडा

दोघा भावांत बोलण्याची वाटणी फारच अन्यायाने झाली होती. थोरला शिंपी, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता गल्लीतल्या चार घरांची लफडी उसवायचा. लोक त्याला ‘रेडिओ’ म्हणत. धाकटा इस्पितळाच्या लॅबमध्ये, रोग्यांच्या गाठींचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर चढवणारा. तो ‘मुका’. त्याची बायको माहेरी गेली, हे शेजाऱ्यांना ती परतल्यावर कळायचं.

आणि कॅन्सर झाला तो रेडिओच्या जिभेला! अर्धी जीभ गेली, तरी चहाड्या थांबल्या नाहीत. फक्त त्यांचा अर्थ बायको समजावून सांगे. मग गाठ मानेत परतली. आता आशा एकाच औषधाची. अंगातल्या पहारेकरी पेशी गाठीवर तुटून पडतात, तेव्हा गाठ त्यांना एक खूण दाखवून गप्प बसवते. औषध हा डाव मोडतं. पण मुळात गाठीवर ती खूण हवी. खूण असली की रंग दिल्यावर काप तपकिरी होतो.

दादाच्या गाठीचा काप मुक्यानेच काढला. काचेवर रोग्याच्या तुकड्याशेजारी टॉन्सिलचा तुकडा लावायची रीत. तो तपकिरी होतोच, म्हणजे रंग नीट चढल्याची खात्री. टॉन्सिल कायम काचेच्या टोकाला चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठीच्या बाजूला. त्याचा हात कधी चुकला नव्हता.

रंग झाल्यावर त्याने काच खिडकीशी धरली. चिठ्ठीपासून लांबचा तुकडा तपकिरी! जवळचा त्याने पाहिलाच नाही. मायक्रोस्कोपकडे न वळताच त्याने घरी फोन लावून जन्मात पहिल्यांदा बातमी फोडली.

“वहिनी, खूण आहे!”

मागून रेडिओ बोबडं ओरडला. वहिनी हसत म्हणाली, “विचारतायत, माझा धंदा बसवतोस का रे?”

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. “तुकडे उलटे लावलेस. तपकिरी आहे ते टॉन्सिल.”

चिठ्ठीजवळ दादाची गाठ होती, निळी, कोरी. पहारेकरी पेशी कडेला, कुंपणाबाहेर ताटकळलेल्या. आत एकही शिरली नव्हती.

“म्हणजे औषध...?”

“फारसा उपयोग नाही रे.”

तो दादाच्या घरी पोचला तेव्हा दादा बऱ्याच दिवसांनी मशीनवर बसला होता. वहिनी दोरा ओवून देत होती.

“बोला, आज काय ताजं?” दादा बोबडला.

मुक्याने तोंड उघडलं. मग नुसती नकाराची मान हलवली. दादा बघत राहिला, मग त्याचा पाय थांबला.

“गल्लीला आता तूच सांग,” तो म्हणाला. “मला नाही जमायचं.”

या वेळी अर्थ सांगायला वहिनी पुढे आली नाही.