सासूबाईंचं पाप, माझ्या अक्षरात

माजरीकडच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतल्या आमच्या चर्चमध्ये नव्वदच्या दशकात एकदा उज्जीवन सभा, म्हणजे विझत आलेला विश्वास पुन्हा पेटवायची सभा, भरली. चर्चची मंडळी विश्वासात थंड पडली आहे, हे बाहेरून आलेल्या प्रचारकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. एप्रिलचा महिना, वर पत्रे. थंड म्हणवून घ्यायला आमची काही हरकत नव्हती. मग त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येकाने आपलं एक पाप चिठ्ठीवर लिहून आणायचं, रविवारी सगळ्या चिठ्ठ्या अंगणातल्या शेगडीत जाळायच्या आणि नंतर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी.

अडचण एवढीच, की अर्ध्या मंडळीला लिहिता येत नव्हतं. मी डी.एड. झालेली, अक्षर मोत्यासारखं. आमच्या चर्चच्या पाळकांनी शनिवारी सकाळी मला चर्चच्या पडवीत बसवलं आणि कुणाचं काही बाहेर सांगणार नाही, असं वचन घेतलं. ते मी पाळते आहे. एवढंच सांगते, की माणूस स्वतःचं पाप सांगायला बसला की सुरुवात शेजाऱ्यापासून करतो. एका काकांना तर काही आठवेना, तेव्हा त्यांची बायको मदतीला आली आणि मला दुसरा कागद घ्यावा लागला.

सगळ्यात शेवटी माझ्या सासूबाई आल्या. आम्ही चार महिने बोलत नव्हतो. एक घर, एक चूल, पण निरोप नवऱ्यामार्फत. "तिले सांग, मीठ सरलं." तो बिचारा मध्ये उभा राहून दोघींनी ऐकलेलंच पुन्हा म्हणून दाखवायचा. झालं होतं असं, की पार तेलगू सीमेवरच्या सिरोंच्याकडच्या एका शाळेतून मला नोकरीच्या मुलाखतीचं पत्र यायचं होतं. पोस्टमन म्हणाला, तुमच्या सासूच्या हातात दिलं. सासूबाई म्हणाल्या, मी पाहिलंच नाही. त्यांनी ते चुलीत घातलं, याबद्दल मला शंका नव्हती. "सासूबाईंचं मन मऊ व्हावं म्हणून प्रार्थना करा," असा विषय महिला सभेत देऊन मी ती गोष्ट अख्ख्या वसाहतीला कळवली होती. प्रार्थनेत सांगितली की ती चुगली होत नाही, असा माझा समज.

सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "लिव. सुनेचं पत्र मी लपवलं."

मी लिहिलं. कागद फाटेल एवढा जोर देऊन लिहिलं.

"काऊन लपवलं तेबी लिव. सिरोंच्याले गेलेलं मानूस तेलगू बोलते आन वापस येत नाई. पोरगा तिच्या मांगं जाईन. मंग मी इथी कोनासंग भांडू? आन लिव, जाळलं नाई. लुगड्याच्या घडीत हाय."

मग सगळं वाचून दाखवायला लावलं. दोनदा. स्वतःवरचा अन्याय सासूला मोठ्याने वाचून दाखवणारी सून अख्ख्या ख्रिस्ती जगात मी एकटीच असेन. पाळकांना वचन दिलेलं, म्हणून घरी जाऊन लुगड्याला हातही लावला नाही.

रविवारी शेगडी पेटता पेटेना. जन्मभर कोळसा काढलेले चार जण फुंकर घालून थकले. शेवटी एकदाची पेटली आणि चिठ्ठ्या पडू लागल्या. सासूबाई पुढे गेल्या, एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात माझं पत्र. जाळायचंच तर पाप मुळासकट जाळावं, असा त्यांचा सरळ हिशोब. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"ते माहं हाय," मी म्हणाले.

मुलाखतीची तारीख कधीच उलटली होती. मला ते ठाऊक होतं, तरी पत्र उघडून वाचलं आणि रडू आलं.

प्रचारकांचा चेहरा उजळला. "बहिणी, क्षमा केलीस ना?"

हो म्हटलं असतं, तर सगळे हालेलूया म्हणून मोकळे झाले असते.

"नाई," मी म्हणाले. "अजून नाई. आन आईनं पत्र जाळलं, असं मी सगळ्यायले सांगत फिरली. तेबी खोटं होतं."

 प्रचारकांच्या कार्यक्रमात 'अजून नाही'ला जागा नव्हती. मागून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माह्या चिठ्ठीत मी सोपं पाप लिवलं. मले दुसरं लिवाचं हाय." मग त्या काकांनीही आपली चिठ्ठी परत मागितली. पाळक चिमट्याने अर्धवट जळलेल्या चिठ्ठ्या बाहेर काढू लागले. आमचं उज्जीवन झालं असेल तर ते तेव्हा झालं. प्रभुभोजनाला दुपारचे तीन वाजले.

घरी जाताना सासूबाई माझ्या बाजूने चालत होत्या.

"मंग कवा करशीन माफ?"

"मले नाई माहीत."

"बरं," त्या म्हणाल्या. "तोवर बोलत तर राह्य."