चौथं शील दोनदा

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. आसगावच्या आमच्या विहारात मी धरून चौदा जण. हे आधीच लिहून ठेवतो, कारण मी सोसायटीत हिशेब पाहणारा माणूस. मोजल्याशिवाय काही मानत नाही, आणि असल्या गोष्टी तर मुळीच नाही... तरीही.

सप्टेंबरात माझी पत्नी सुनंदा हिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं — उजवा स्वरतंतू मध्यापर्यंत येत होता, डावा जागचा हलत नव्हता. त्याला हलवणारी नस दुखावली होती. दोन्ही तंतू जवळ आले तरच हवेने थरथरतात, नाहीतर नुसता वारा निघतो. नस काही महिन्यांत जागी होईल, नाही झाली तर इंजेक्शन देऊन तंतू मध्ये सरकवू, असं ते म्हणाले. तोवर रोज ‘आ’ लावून सेकंद मोजायचे. मी वहीत लिहायचो. चार. चार. पाच. पुन्हा चार.

वीस वर्षं विहारात वंदना सुनंदाच सांगायची. ती एक ओळ म्हणणार, मागून सगळे. आता शेजारच्या शांताबाई सांगायच्या आणि सुनंदा ओठ मिटून माझ्या बाजूला बसायची.

त्या रविवारी शांताबाईंना खोकला लागला, त्या थांबल्या. पुढची ओळ सुनंदाच्या आवाजात आली — पूर्वीच्या, भरलेल्या. आम्ही मागोमाग म्हटली. पंचशीलातली पाचही शीलं तशीच झाली.

शांताबाई वळल्या. “काहून वो सुनंदाबाई, आवाज होता त आमचा घसा कायले झिजवला?”

सुनंदा पांढरी पडली होती. कुजबुजली, “मी त तोंडच नाही उघडलं... मनात म्हणून राहिली होती.”

शांताबाईंच्या सुनेने मोबाइलवर वंदना रेकॉर्ड केली होती. ती ऐकली. खोकल्यानंतर फक्त आमचं मागून म्हणणं होतं. प्रत्येक ओळीआधी पाच-सहा सेकंद काहीच नाही, लांबचा ट्रॅक्टर तेवढा — मग आम्ही सगळे एकदम.

पाठ आहे म्हणून म्हटलं असेल, असं मी मनाला समजावलं. पण चौथं शील आम्ही दोनदा म्हटलं होतं.

सुनंदाने माझं मनगट घट्ट धरलं. “माझं ध्यान सुटलं होतं. मनात मी ते दोनदा म्हटलं.”

मंगळवारी पुन्हा कॅमेरा. डावा तंतू तसाच. डॉक्टर म्हणाले, यातून तसा आवाज निघूच शकत नाही.

नस जागी होत असेल, अजून थांबू, असं मी म्हणत राहिलो. सुनंदा मात्र विहारात जाईना. माणसं घरी आली की डोळे मिटून मनात आकडे मोजत बसायची, दुसरं काही मनात येऊ नये म्हणून. शेवटी म्हणाली, “मनातलं लोकांले ऐकू जात असंल त मी चार माणसांत बसू कशी? मले तोंडातून निघणारा आवाज पाहिजे. आता थांबा म्हणू नका.”

मार्चमध्ये इंजेक्शन घेतलं. ते झाल्यावर दवाखान्याच्या खिडकीवर एकतीस हजार पाचशे भरले. पावतीसाठी कारकुनाने पेशंटचं नाव विचारलं. मी तोंड उघडण्याआधी सुनंदानेच सांगितलं — खरखरीत, पण काचेपलीकडे ऐकू गेलं.