सावंतांचा हर्निया आणि दोन कार्डं

आरोग्य विम्यावर तासभर वाद घाला, निकाल लागत नाही. किस्से मात्र ढिगानं मिळतात. मुलुंडच्या आमच्या बागेतला एक बाक या किस्स्यांच्या वजनानंच खचलाय!

बाकावर रोज तिघं, कडेला मी. कारखानीसकाका खासगी मेडिक्लेमवाले. कांबळेकाका म्हणणार, "सरकारनंच सगळ्यांना कव्हर द्यावं." मध्ये सावंतकाका. त्यांच्याकडे खासगी आणि सरकारी अशी दोन्ही कार्डं आणि एक हर्निया. डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशन लांबवू नका." कार्ड कुठलं वापरायचं, ते हे दोघं ठरवू देईनात!

*

कारखानीसकाकांना ताप आला. क्लेम हवा तर चोवीस तास ॲडमिट राहणं आलं. पाचव्या तासाला ताप गायब! सिस्टर म्हणाली, "आजोबा, छान बरे झालात की!"

"हळू बोला हो! अजून एकोणीस तास बाकी आहेत!"

*

कांबळेकाका सरकारी योजनेच्या रांगेत. जन्मभर वर्कशॉपमध्ये पाने फिरवून बोटं गुळगुळीत झालेली, मशीन अंगठाच घेईना.

"तुम्हीच कांबळे कशावरून?" क्लार्क म्हणाला.

मागून सात-आठ जण एकदम ओरडले, "अहो, आम्ही ओळखतो ना यांना! सकाळपासून!"

*

एकदा दोघांनी देशासाठी आदर्श योजनाच आखायला घेतली. प्रीमियम की टॅक्स, यावर आवाज एवढे चढले की हास्यक्लबवाले हसायचे थांबले.

मी आपला बाकावरचा ज्युनियर, पंचावन्नचा. म्हटलं, "ज्यांना दुखतंय त्यांनाच विचारू या ना."

पोटावर हात दाबत सावंतकाकांनी सुरुवात केली, "माका वाटता..."

"सावंत, तू मध्ये बोलू नकोस रे!" दोघंही एका सुरात. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. "हा धोरणाचा प्रश्न आहे!"

*

मग सावंतकाका दिसेनासे झाले. खरं सांगतो, पहिले चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. वाद रंगात होता, मधली जागा रिकामी झाल्यामुळे हातवारेही ऐसपैस चालले होते.

बाराव्या दिवशी आले. ताठ चालत. पोटावर हात नाही. दोघांच्या मध्ये बेतानं टेकले.

"झाला ऑपरेशन."

कसे आहात, दुखतंय का, काही नाही. दोघं एकदम, "कुठल्या कार्डावर?"

सावंतकाकांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"सांगूचंय नाय. सांगितलंय तर उद्यापासून तुमी दोघे कशावर बोलतलास?"