तारेला लावलेलं ग्रीस

मंडळी, आज सकाळी शेजारचा समीर पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा टांगलेल्या तारेला ग्रीस फासत होता. "खारी येतात ना, काकू!"

"पूस ते आधी!" मी ओरडलेच.

त्र्याऐंशीच्या थंडीत, मरोळच्या आमच्या बैठ्या चाळीमागे बाबांनी हेच केलं होतं. खार घसरून पडली की आम्ही पोरं हसायचो. चिमण्याही तारेवर बसतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

चौथ्या दिवशी खाली एक चिमणी थरथरत पडली होती, पंख ग्रीसने चिकटलेले. आईने कोमट पाण्याने धुऊन तिला पदरात धरलं. दुपारी ती मेली.

"माझ्यामुळे गेली गं," बाबा म्हणाले. त्यांनी तार तोडली आणि दाणे ठेवणंच बंद केलं.

बाकीच्या चिमण्यांनी त्या थंडीत काय खाल्लं असेल हो?